दाखला आणि वचन

परदेशी विद्यापीठात नाव दाखल करावयाचे म्हणजे आपण स्वतःविषयी जे जे आजवर गृहीत धरून चाललो, ते ते सर्व कोणा तिऱ्हाइताच्या सहीशिक्क्याने सिद्ध करून द्यावयाचे, असा त्या व्यवहाराचा सरळ अर्थ आहे. आपण पदवीधर आहोत याला सनद लागते, आपल्याला इंग्रजी समजते याला परीक्षेचे गुणपत्रक लागते, फुप्फुसांत क्षय नाही याला क्ष-किरण तपासणीचा दाखला लागतो. आणि शिक्षणाचा खर्च झेपण्याइतका पैसा घरात आहे असे नुसते म्हणून भागत नाही, तर तो पैसा सलग २८ दिवस ठरलेल्या आकड्याच्या खाली न उतरता खात्यात स्वस्थ पडून होता, असे बँकेकडून लिहून आणावे लागते. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून उभी हयात घालविलेल्या माझ्या वडिलांना या साऱ्या प्रकारात जाचक असे काहीच वाटले नाही. त्यांनी प्रत्येक कागदाच्या जादा प्रती काढल्या, त्यांवर अनुक्रमांक घातले, वर विषयवार यादी लावली, आणि ते दप्तर माझ्या हाती देताना, "कागद बोलतो, बाळ, आपण बोलायचं नसतं," एवढेच सांगितले. त्यांच्या नोकरीतले सारे तत्त्वज्ञान त्या एका वाक्यात होते, आणि ऑक्सफर्डला पोचून स्थिरस्थावर होईपर्यंत ते मला तंतोतंत लागू पडले.

तेथील पहिल्या दिवसांविषयी फार लिहावे असे नाही. त्या काळी राहण्याच्या परवान्याचे कार्ड देशात पाऊल ठेवल्यापासून दहा दिवसांच्या आत टपाल कचेरीतून ताब्यात घ्यावे लागे. आता तो प्रकार बंद होऊन सारी नोंद संगणकावर गेली आहे. बँकेत खाते उघडावयास पत्त्याचा पुरावा हवा, पत्त्याच्या पुराव्यासाठी विद्यापीठाचे नोंदणीपत्र हवे, आणि ते हाती आले तरी बँकेतल्या तरुणाला त्यावरचा मजकूर त्यांच्या नमुन्याप्रमाणे नाही अशी शंका यावी, हा फेरा परदेशी गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने घातलेला असतो आणि पुढे त्याच्या गोष्टी रंगवून सांगितलेल्या असतात. मला त्यात नवल वाटले नाही. कचेरी कोणत्याही देशातली असो, ती माणसाच्या भूतकाळाचीच चौकशी करते. तिचा विश्वास जे घडून गेले आणि कागदावर उतरले त्यावरच बसतो.

विद्यापीठात विधिपूर्वक प्रवेश होतो तो मायकेलमस नावाच्या पहिल्या सत्राच्या आरंभी, शेल्डोनियन नाट्यगृहात. नाव नाट्यगृह असले तरी क्रिस्टोफर रेन या वास्तुविशारदाने १६६९ साली पुरी केलेली ही इमारत मुळात विद्यापीठाच्या समारंभांसाठीच बांधली गेली. गडद रंगाचा पोशाख, पांढरा सदरा, वर काळा झगा, आणि हाती चौकोनी टोपी, जी आत असताना डोक्यावर घालावयाची नाही, अशा थाटात प्रत्येक कॉलेजातले नवागत रांगेने आत नेले जातात. कोणी अधिकारी त्यांना लॅटिन भाषेत कुलगुरूंपुढे सादर करतो, कुलगुरू लॅटिनमध्येच त्यांचा स्वीकार करतात, आणि मुंजीतल्या बटूला मंत्रांचा जितपत बोध होतो तितपतच बोध घेऊन सर्व मंडळी काही मिनिटांत बाहेरच्या उन्हात, अथवा बहुधा पावसात, येऊन उभी राहतात. छायाचित्रे काढली जातात आणि ती घरी पाठविली जातात. समारंभ देखणा आहे यात शंका नाही. पण त्या देखणेपणामागे एक इतिहास आहे, आणि तो तितकासा देखणा नाही. १५८१ पासून या विद्यापीठात नाव दाखल करणाऱ्याला इंग्लंडच्या चर्चच्या ३९ धर्मकलमांवर सही करावी लागे, आणि ही अट १८५४ च्या कायद्याने उठेपर्यंत रोमन कॅथलिकांना, यहुद्यांना, चर्चशी फटकून असणाऱ्या इंग्रजांनादेखील विद्यापीठाच्या नोंदवहीत जागा नव्हती. मग हिंदू अथवा मुसलमान विद्यार्थ्याचा प्रश्नच कोठून उद्भवणार! अट उठली तेव्हा पेशवाई बुडून छत्तीस वर्षे लोटली होती आणि मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेला अवघी तीन वर्षे उरली होती. ज्या वहीत आपले नाव चढल्याचा अभिमान आपण बाळगतो, ती वही कोणाकोणाला वगळून इतकी भारदस्त झाली, हेही झगा अंगावर असतानाच आठवावे, असे मला वाटते.

ग्रंथालयाची गोष्ट वेगळी. बोडलियन ग्रंथालयात वाचक म्हणून प्रवेश मिळावयाचा तर एक प्रतिज्ञा करावी लागते. बाहेरून आलेल्या अभ्यासकाला ती आजही मोठ्याने वाचून दाखवावी लागते, आणि हवी तर आपल्या मातृभाषेत वाचण्याची मुभा असते. आमच्या कॉलेजात ग्रंथपालबाईंनी सर्व नवागतांना एकत्र बसवून ती सामुदायिकपणे म्हणवून घेतली. मी ग्रंथालयातील कोणतीही वस्तू बाहेर नेणार नाही, तिच्यावर खूण करणार नाही, तिला इजा पोचविणार नाही, आत विस्तव अथवा ज्योत आणणार नाही व पेटविणार नाही, धूम्रपान करणार नाही आणि ग्रंथालयाचे नियम पाळीन, असा तिचा आशय आहे. काहीजणांना हसू आले. एकविसाव्या शतकात विस्तव कोण नेतो, असे त्यांना वाटले असावे. परंतु या ग्रंथालयात १८४५ पर्यंत उष्णतेची सोय नव्हती आणि १९२९ पर्यंत कृत्रिम दिवे नव्हते; हिवाळ्यात दिवस मावळला की वाचन संपले, असा तेथला शेकडो वर्षांचा शिरस्ता होता. पुस्तके जळण्यापेक्षा वाचकाने कुडकुडावे हे अधिक बरे, असा निवाडा ज्यांनी करून ठेवला त्यांच्या त्या कलमाला हसण्याचे धाडस मला झाले नाही.

मला आश्चर्य वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. ज्यांच्यापाशी गमावण्यासारखे फारसे काही नव्हते त्या साऱ्या कचेऱ्यांनी माझ्याकडून दाखले मागितले. आणि १ कोटी ३० लाखांहून अधिक छापील वस्तू आणि तशीच अनमोल हस्तलिखिते ज्यांच्या ताब्यात, त्यांनी मागितले ते केवळ तोंडचे वचन. वाचकाच्या कार्डाची तपासणी होते, दारावर पहारा असतो, हे खरे; पण प्रवेशाचा पाया म्हणून त्यांनी जे निवडले ते मी काय होते याची खातरजमा नव्हे, तर मी पुढे कशी वागेन याची हमी. वडिलांच्या वाक्याच्या नेमके उलट घडत होते. येथे कागद गप्प होता आणि मला बोलावे लागत होते.

ज्याच्या नावाने हे ग्रंथालय ओळखले जाते तो सर टॉमस बोडली स्वतः लहानपणी परदेशी विद्यार्थीच होता, ही गोष्ट मला तेथे गेल्यावर कळली आणि फार आवडली. मेरी राणीच्या अमदानीत प्रॉटेस्टंटांचा छळ सुरू झाल्यावर त्याच्या वडिलांनी कुटुंबासह देश सोडला, आणि बारा-तेरा वर्षांचा हा मुलगा जिनिव्हात कॅल्व्हिनची व्याख्याने ऐकत आणि हिब्रू शिकत वाढला. पुढे तो परत आला, ऑक्सफर्डात शिकला, वकिलातीच्या कामगिरीवर हेगला राहिला, मासळीच्या व्यापारात गबर झालेल्या एका व्यापाऱ्याच्या विधवेशी लग्न करून श्रीमंत झाला, आणि राजकारणाला कंटाळून १५९८ साली त्याने कुलगुरूंना पत्र लिहिले की, विद्यापीठाचे मोडलेले ग्रंथालय मी स्वखर्चाने उभे करतो. मोडलेले म्हणजे किती मोडलेले? हम्फ्री नावाच्या सरदाराने दिलेली हस्तलिखिते ठेवण्यासाठी १४८८ साली उघडलेल्या त्या दालनातील पुस्तके धर्मसुधारणेच्या वावटळीत नाहीशी झाली होती आणि १५५६ साली बाकेदेखील विकली गेली होती. बोडलीने ते दालन पुन्हा सजविले आणि १६०२ च्या नोव्हेंबरात ते उघडले. १६१० साली त्याने लंडनच्या मुद्रक-प्रकाशकांच्या संघाशी करार करून छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत मिळविण्याचा हक्क पदरात पाडून घेतला. माणूस दूरदृष्टीचा खरा, पण हेकटही. ग्रंथपालाने अविवाहित असावे असा त्याचा आग्रह होता (टॉमस जेम्स या पहिल्याच ग्रंथपालाने लग्नाचा हट्ट धरल्यामुळे त्याला नाइलाजाने सूट द्यावी लागली), आणि नाटकांसारखी फुटकळ पुस्तके आपल्या फळ्यांवर नकोत, असे त्याचे मत होते. शेक्सपिअरच्या नाटकांची १६२३ ची पहिली एकत्रित आवृत्ती ग्रंथालयात आली आणि पुढे नवी आवृत्ती निघाल्यावर जुनी निरुपयोगी म्हणून बाहेर गेली; तीच प्रत १९०६ साली लोकवर्गणी गोळा करून ३,००० पौंडांना परत विकत घ्यावी लागली. ग्रंथनिवडीविषयी फार ठाम मते असलेल्या मंडळींनी हा व्यवहार ध्यानात ठेवावा.

पुस्तक बाहेर न्यावयाचे नाही, हा तेथला मुख्य कायदा. यादवी युद्धाच्या काळात पहिल्या चार्ल्स राजाचा मुक्काम ऑक्सफर्डात होता. १६४५ साली त्याने एका फ्रेंच इतिहासग्रंथाची मागणी केली, तेव्हा ग्रंथपाल जॉन राउस नियमांची प्रत घेऊन राजापुढे हजर झाला आणि राजाने मागणी मागे घेतली. नऊ वर्षांनी, त्या राजाचे मस्तक उडविणाऱ्या पक्षाचा धुरीण क्रॉमवेल याने पोर्तुगालच्या वकिलासाठी एक हस्तलिखित मागितले; त्यालाही तेच उत्तर मिळाले. राजा आणि राजहंता या दोघांना ज्या नियमाने एकाच पायरीवर उभे केले, त्याच पायरीवर परगावाहून आलेली विद्यार्थिनी उभी राहते. नियम सैल असता तर ओळखीपाळखीच्या लोकांचे फावले असते; तो कडक आहे म्हणून अनोळखी माणसाला त्याचा आधार वाटतो.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. आपल्याकडून जाणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे पहिला धक्का बसतो तो वाचनयादीचा. आपल्या विद्यापीठात नेमलेले पुस्तक असते, त्यावर प्राध्यापकांच्या टिपणांचा आणि बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शिकांचा संभार असतो, आणि अभ्यासाला कोठे सुरुवात आहे व कोठे शेवट हे जूनमध्येच ठरलेले असते. तेथे आठ आठवड्यांचे सत्र आणि दर आठवड्याला एक विषय. त्या एका विषयाखाली दोन-दोन पाने भरतील एवढे ग्रंथ आणि लेख, आणि त्यांपैकी काय वाचावे, काय चाळावे, काय टाकून द्यावे याबद्दल अवाक्षर नाही. माझ्या मार्गदर्शकांना मी विचारले तेव्हा त्यांनी अत्यंत सौजन्याने सांगितले की, ते ठरविणे हाच अभ्यास आहे. यादी पुरी करण्याची प्रतिज्ञा करणारे परदेशी विद्यार्थी तिसऱ्या आठवड्यात आजारी पडतात, असे ग्रंथपालबाई पुढे मला म्हणाल्या.

या बाईंचे माझ्यावर ऋण आहे, कारण कोणते पुस्तक कोठे आणि कसे मिळते हे त्यांनीच मला समजावून दिले. इतिहासाची मुख्य पुस्तके रॅडक्लिफ कॅमेरा या गोल, घुमटाच्या इमारतीत असतात. तेथून जमिनीखालच्या मार्गाने जुन्या बोडलियनमध्ये जाता येते. कॉलेजचे स्वतःचे ग्रंथालय पुस्तके घरी देते आणि रात्रभर उघडे असते. उरलेला प्रचंड संग्रह चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवर स्विंडनजवळच्या कोठारात ठेवलेला आहे आणि मागणी नोंदविली की गाडीने वाचनालयात येतो. कायद्याने जमा होणारी काही इलेक्ट्रॉनिक पुस्तके केवळ ग्रंथालयातल्या संगणकावर, आणि तीही एका वेळी एकाच वाचकाला पाहता येतात, हा सगळा भूगोल कोणाही नवागताला आपोआप उमगत नाही. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला तर विचारण्याचीच सवय नसते. ज्या ग्रंथालयात माझे पदवीपर्यंतचे शिक्षण झाले तेथे काउंटरच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे पुस्तके, अशी पक्की सरहद्द होती. चिठ्ठी आत जाई आणि बहुतेक वेळा 'बाहेर आहे' किंवा 'सापडत नाही' असा शेरा घेऊन परत येई, आणि त्या शेऱ्यावर अपील नसे. त्यामुळे ग्रंथपालाला प्रश्न विचारणे म्हणजे त्याच्या कामात व्यत्यय आणणे, ही समजूत आमच्या हाडीमाशी खिळलेली. ऑक्सफर्डात प्रत्येक विषयाला स्वतंत्र ग्रंथपाल असतो आणि विद्यार्थ्याने विचारावे, निःशंकपणे आणि पुनःपुन्हा विचारावे, यासाठीच त्याची नेमणूक असते. ही साधी गोष्ट पटेपर्यंत पहिल्या सत्राचा बराच भाग उलटतो. ज्यांना ती अखेरपर्यंत पटत नाही असेही हुशार विद्यार्थी मी पाहिले आहेत.

माझा विषय दख्खनमधील कंपनी-काळातला जमीनमहसूल. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी जी पाहणी केली तीतून मुंबई इलाख्याची सर्व्हेची पद्धत बसली, आणि तिचे अवशेष माझ्या वडिलांच्या कचेरीतल्या वह्यांत अजून जिवंत होते. या पाहणीचे अहवाल मुंबई सरकारने निवडक कागदपत्रांच्या मालेत छापलेले आहेत. आमच्याकडे त्यांतला हवा तो खंड 'सापडत नाही' या शेऱ्यापलीकडे कधी गेला नव्हता. स्विंडनहून तो दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आला. हे सांगितले की आपली मंडळी लगेच हळहळतात की, पाहा, आमचे कागद आम्हाला परक्यांच्या दारी वाचावे लागतात. काशीत खरेदी केलेल्या आणि १९०९ साली नेपाळच्या महाराज चंद्र शमशेर यांनी बोडलियनला दिलेल्या सहा हजारांवर संस्कृत पोथ्यांविषयी कोणी असे म्हटले तर मी ऐकून घेईन. पण इंदापूरच्या अहवालाविषयी नाही. तो छापील ग्रंथ आहे आणि त्याच्या प्रती मुंबईत आणि पुण्यातही आहेत. प्रश्न मालकीचा नाही. पुस्तक कोठे ठेवले आहे हे ठाऊक असण्याचा आणि ते मागणाऱ्याला देण्याची इच्छा असण्याचा आहे. लोकहितवादींच्या पुढाकाराने ज्या पुण्यात १८४८ सालीच सार्वजनिक वाचनालय निघाले, त्या शहराला ही इच्छा परकी आहे असे मी म्हणणार नाही.

ग्रंथालयाची एवढी थोरवी गायल्यावर एक हिशेब पुरा केला पाहिजे, नाही तर तो एकतर्फी राहील. १८६६ साली नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एकटीच मुलगी म्हणून शिकून पहिल्या वर्गात पदवीधर झालेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. गुणांवर मिळावयाची सरकारी शिष्यवृत्ती त्या स्त्री असल्यामुळे त्यांना नाकारली गेली होती. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी काढून त्यांचा खर्च चालविला. कायदा शिकणारी विद्यार्थिनी तेथे त्यापूर्वी कोणी पाहिलेली नव्हती. त्यांचे नाव विद्यापीठाच्या वहीत पूर्णार्थाने चढणे शक्यच नव्हते. परंतु ऑल सोल्स कॉलेजच्या मुख्याधिकाऱ्यांनी आपल्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयाचे दार त्यांना उघडून दिले आणि तेथे बसून वाचणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १८९२ साली खास ठराव करवून त्या कायद्याच्या परीक्षेस बसल्या. स्त्रियांना पदव्या देण्याचे विद्यापीठाने १९२० साली मान्य केले, आणि सोराबजींना त्यांची पदवी १९२२ साली मिळाली. वाचक म्हणून त्यांचा स्वीकार झाला त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ वहीला लागला. मात्र ते दार उघडणारे ग्रंथालयही निर्मळ नव्हते. बार्बाडोसच्या उसाच्या मळ्यांत गुलामांच्या श्रमांवर मिळविलेल्या कॉड्रिंग्टनच्या पैशांतून ते उभे राहिले, आणि २०२० साली ऑल सोल्सने ते नाव वापरणे सोडून दिले. तरीही कचेरी आणि ग्रंथालय यांत आधी कोण शहाणे झाले, याचे उत्तर मला या प्रकरणात मिळते, आणि ते ग्रंथालयाच्या बाजूचे आहे.

यंदा जे तिकडे शिकावयास जाणार असतील त्यांनी दाखल्यांचे दप्तर चोख ठेवावे. त्यावाचून विमानात पाऊल पडणार नाही. पण विद्यापीठाचे कार्ड हाती पडताच, बँकेचा फेरा पुरा होण्याची वाट न पाहता, आपल्या विषयाचा ग्रंथपाल कोण याची चौकशी करून त्याला भेटावे आणि आपल्याला काय ठाऊक नाही ते त्याच्यापुढे मोकळेपणाने मांडावे. आणि जाताना दोन शिसपेन्सिली बरोबर ठेवाव्यात. हस्तलिखितांच्या दालनात शाईचे पेन चालत नाही.